हरवलेल्या वस्तूंचं विधेयक

मंगळवार, १० जानेवारी २०१२

आज हरवलेल्या वस्तूंचं विधेयक माझ्या गळ्यात पडलं. छत्र्या, हातमोजे, सायकली, बसमध्ये विसरलेली कवळी. ज्याला सापडेल त्यानं ती वस्तू गावच्या कचेरीत कळवायची, मालकानं वर्ष आणि एक दिवसाच्या आत येऊन मागायची, नाही आला तर ज्याला सापडली त्याची. संपलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "वाम्पाखबाई, तुम्ही कोर्टात आयुष्य काढलंत, हे तर तुमच्या डाव्या हाताचा मळ." सगळे हसले. बिस्डोर्फ हसला नाही. माझा मसुदा अजून जन्मालाही आला नव्हता आणि हा पेन्सिलीला टोक काढत बसला होता.

घरी आले तर केटी पाव घेऊन दारात. शेजारीण, बेकरीवाली, आणि अख्ख्या वोर्मेल्डांज गावाचं वर्तमानपत्र. तिनं चौथ्यांदा विचारलं, की तुमची ती राज्यपरिषद करते तरी काय?

"सरकारला कायदा करायचा असला की आधी आमचं मत घ्यावं लागतं. आम्ही सांगतो, इथं उसवलंय, तिथं टाका घाला."

"आणि ते ऐकतात?"

"ऐकलंच पाहिजे असं नाही."

"म्हणजे सासू."

"सासूपेक्षा बरं चाललंय आमचं. सभागृहानं कुठलाही कायदा दोनदा मंजूर करायचा असतो, मध्ये तीन महिने जाऊ देऊन. गरम डोक्यानं काही होऊ नये म्हणून. आम्ही जाहीर बैठकीत म्हटलं, 'दुसऱ्या मतदानाची गरज नाही', तरच सुटका. मग ग्रँड ड्यूकची सही."

"आणि तुम्ही नाही म्हटलं तर?"

"तर बसा तीन महिने विचार करत."

केटी पाव टेबलावर ठेवून म्हणाली, "फेली, माझ्या लग्नाच्या वेळी कुठं होतात गं तुम्ही सगळे?"

फार हसले. मग ती गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं. रेमाँ असता तर हे त्याला सांगितलं असतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, अजून दिवसभरातल्या गमती त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवते आणि मग इथं लिहिते.


मंगळवार, २४ जानेवारी

बिस्डोर्फ जाणार. पंचवीस एप्रिलला त्याला बहात्तर पूर्ण होतात, आणि आमच्याकडे बहात्तरी भरली की खुर्ची सोडायची. हे काही गुपित नव्हतं, पण आज त्यानं कॉफी पिताना स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"ब्लांश बोलावतेय. धाकटी बहीण. ऑस्टेंडला असते, समुद्राकाठी. इथं एकट्यानं भिंतींना घटना समजावत बसण्यापेक्षा तिच्याकडे जावं म्हणतो."

"म्हणजे ठरलंच?"

"ईस्टरपर्यंत ठरवीन."

"ईस्टरच का?"

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तोवर कळेल," म्हणाला.

काय कळणार आहे ईस्टरपर्यंत, देव जाणे. गाड्यांचे दर बदलत असतील.

एका परीनं बरंच झालं. परिषदेत आल्यापासून माझा एक मसुदा या माणसानं सरळ जाऊ दिलेला नाही. एशच्या खाणकामगाराचा मुलगा, कायद्याचा प्राध्यापक, लग्न केलं नाही, आई होती तोवर आईला सांभाळलं, आणि उरलेला सगळा जीव स्वल्पविरामांना लावला. आता माझे कागद एका बैठकीत मंजूर होतील. मी लवकर घरी येईन.

लवकर घरी येऊन काय करणार ते अजून ठरवलेलं नाही. आज घेवड्याचं सूप केलं होतं, ते तसंच राहिलं. मीठ जास्त पडलं असावं.


मंगळवार, ७ फेब्रुवारी

एका पानाचा मसुदा नेला होता. मजकूर चांगला आहे, मुदत स्पष्ट आहे, परिषदेला काही म्हणायचं नाही. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

बिस्डोर्फनं औपचारिक विरोध सुचवला. साधी हरकत म्हणजे नुसतं खाकरणं. औपचारिक विरोध म्हणजे दारात आडवं पडणं. तो असला आणि सभागृहानं मजकूर सुधारला नाही, तर दुसऱ्या मतदानाला सूट नाही. आणि हे कशासाठी, तर छत्र्यांसाठी!

मसुदे आम्ही फ्रेंचमध्ये लिहितो, भांडतो मात्र आपल्या भाषेत, त्यामुळे भांडण नेहमी जास्त चांगलं होतं.

"समजा, मालकीण उशिरा आली," बिस्डोर्फ म्हणाला.

"मुदत संपल्यावर?"

"हो. पण वस्तू अजून ज्याला सापडली त्याच्याकडेच आहे. त्यानं वापरली नाही, विकली नाही. जपून ठेवलीय. तर तिला मिळायला नको?"

"जपून का ठेवली? वापरायची!"

"काही माणसं ठेवतात, बाई."

"ती मूर्ख असतात. मूर्खांसाठी कायदे करत नाहीत. मुदत म्हणजे मुदत."

माजेरुसनं रुमालात तोंड खुपसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. हा आमच्या समितीतला तरुण वकील, म्हणजे पन्नाशीचा, आणि त्याला सगळ्याचंच हसू येतं.

मसुदा परत घेतला. नंतर नेहमीसारखे बसथांब्यापर्यंत भांडत आलो. बिस्डोर्फचा रस्ता तिकडूनच जातो, त्यामुळे माझी सुटका नसते. बस आली तेव्हा तो मालमत्तेच्या हक्काबद्दल बोलत होता, आणि दार बंद झाल्यावरही काचेपलीकडे त्याचे ओठ हलत होते. हसू आलं मला.


शुक्रवार, १० फेब्रुवारी

माजेरुसला म्हटलं, बरं आहे, बिस्डोर्फचं घर त्याच बाजूला आहे म्हणून सोबत तरी होते. तो म्हणाला, "लिम्पर्ट्सबेर्ग त्या बाजूला? वाम्पाखबाई, ते अगदी उलट दिशेला आहे."

डॉक्टरनं चालायला सांगितलं असेल. या वयात सांगतातच.


रविवार, २६ फेब्रुवारी

टेकडीवर होळी पेटवली. लाकडी क्रूसाला गवताचे भारे आणि द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्या बांधल्या, गावातल्या सगळ्यात अलीकडच्या नवरा-नवरीनं आग लावली. वारा नदीकडे होता, धूर थेट पलीकडे जर्मनीत. रेमाँ म्हणायचा, निर्यात चांगली चाललीय.

त्या काटक्यांत आमच्या मळ्यातल्याही होत्या. मळा आता त्याच्या चुलतभावाकडे आहे. तो छाटणी फार जवळून करतो.

केटी शेजारी उभी राहून बडबडत होती, की यंदा ब्रेत्झेलच्या रविवारी त्या गोड वेटोळ्या पावांसाठी बेकरीत बायकांची रांग लागणार, बाप्ये आयते बसून खाणार, तिनं बदामाचं पोतं मागवलंय. मी हो हो म्हणत होते. लक्ष सगळं आगीकडे होतं. अशा आगीपुढे माणसाला कुणाच्या तरी कोटाच्या खिशात हात घालावासा वाटतो. मी माझ्याच खिशात घातले.


बुधवार, २९ फेब्रुवारी

माझ्या सहनशक्तीचा अंत झाला आज.

तिसरा मसुदा. विरोधाचं कलम मी नाक मुठीत धरून लिहून आणलं होतं. वाटलं, आता तरी. तर बिस्डोर्फ म्हणतो, "वर्ष आणि एक दिवस म्हणजे नेमकं काय? यंदा लीप वर्ष आहे."

"कॅलेंडर मलाही वाचता येतं."

"मग ध्यानात असू द्या. लीप वर्षात रीत उलटी होते."

"रीतबीत काही उलटी होत नाही. एक दिवस वाढतो, इतकंच."

"आणि पाळी बदलते."

"कसली पाळी? कायद्यात पाळी कुठून आली?"

अध्यक्ष म्हणाले, पुढे चला. माजेरुस पुन्हा रुमालात.

बसथांब्यावर बस यायला वेळ होता. थंडी मी म्हणत होती. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "वाम्पाखबाई, लीप वर्ष आहे. विसरू नका."

"एकच तुणतुणं किती वाजवाल हो! सांगितलं ना, मोजीन मी दिवस."

"बरं," म्हणाला आणि टोपी घातली.

माणूस म्हातारा होतो म्हणजे असंच होतं. एक गोष्ट डोक्यात बसली की निघत नाही.


मंगळवार, १३ मार्च

पूर्ण परिषदेत मत मंजूर. बिस्डोर्फचं कलम जसंच्या तसं गेलं, आणि तेही माझ्या हस्ताक्षरात: मुदत उलटली तरी, वस्तू ज्याला सापडली त्याच्या हाती अजून जशीच्या तशी असेल आणि मालकाला प्रामाणिक चुकीमुळे उशीर झाला असेल, तर त्याला ती मागता येईल. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले. मीही केला. न करून सांगते कुणाला.

आता सभागृहानं मजकूर सुधारून मंजूर केला, की ते परत आमच्याकडे येईल, सूट द्यायची की नाही ते ठरवायला. चोवीस एप्रिलच्या बैठकीत, असं म्हणतात. म्हणजे बिस्डोर्फच्या शेवटच्या दिवशी.


रविवार, १८ मार्च

ब्रेत्झेलचा रविवार.

माझी आई म्हणायची, पोरींनो, या रविवारी ज्यानं ब्रेत्झेल आणून दिलं त्याच्या मनात काय आहे ते विचारायचं नाही, त्याला कळतं आणि तुम्हालाही कळतं. मनात असेल तर ईस्टरला त्याला अंडं द्यायचं. नसेल तर बिचाऱ्याच्या हातात रिकामी टोपली. रेमाँनं चाळीस वर्षांत एकही रविवार चुकवला नाही. ताप असताना आणलं. भांडण झालेलं असताना आणलं, आणि टेबलावर आपटलं, बदाम सगळीकडे उडाले.

सकाळी चर्चवरून येताना केटीच्या दुकानापुढे ही गर्दी. काचेमागे ब्रेत्झेलांची चळत, वर साखरेचा पाक चकाकतोय. केटी म्हणाली, "तुझं एक बांधून देऊ ना? मोठं देऊ की मध्यम?"

म्हटलं, "स्वतःचं स्वतः विकत घ्यायची वेळ अजून आलेली नाही माझ्यावर."

केटी काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

खोटं कशाला लिहू? वेळ आलेली नाही असं म्हणताना मला बिस्डोर्फ आठवला. मी परिषदेत आल्यापासून तीनही वर्षं या रविवारनंतरच्या मंगळवारी माझ्या जागेवर एक छोटं ब्रेत्झेल असतं, कागदात गुंडाळलेलं, चिठ्ठीचपाटी काही नाही. तो त्या वेळी खिडकीतून खालची दरी बघत असतो, जणू दरी प्रथमच पाहतोय. पहिल्या वर्षी मी गोंधळले. मग ईस्टरला समितीतल्या सहाही जणांना एकेक चॉकलेटचं अंडं दिलं. सारखंच. सहाही लाल कागदातली. पुढच्या दोन वर्षीही तसंच केलं. कुणाला काही वाटायला नको. बिस्डोर्फ आपलं अंडं हातात फिरवून म्हणाला होता, "कायद्यापुढे सर्व समान, वाम्पाखबाई." मला ते कौतुक वाटलं होतं.


मंगळवार, २० मार्च

जागा रिकामी.

मी लवकर गेले होते. मुद्दाम नव्हे, बस लवकर आली. फायली होत्या, पाण्याचा ग्लास होता. बिस्डोर्फ आधीच आलेला, नवा टाय, केस कापलेले. खिडकीशी नव्हता, आपल्या खुर्चीत ताठ बसला होता आणि मी आत आल्यापासून सारखा माझ्या पिशवीकडे बघत होता. भूक लागली असावी. पिशवीतून मी सँडविच काढलं तेव्हा त्यानं मान वळवली.

मग बैठकीत त्यानं मिठाच्या साठवणुकीबद्दलचा अख्खा नियम स्वल्पविरामाची एकही हरकत न घेता जाऊ दिला. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

तर मग असं आहे. जाणारा माणूस आवराआवर करतो, आणि आधी काय टाकून देतो ते आज कळलं. एका ब्रेत्झेलची किंमत ती काय! सदुसष्ट वर्षांच्या बाईनं यावर रडायचं असतं का?

असतं बहुतेक.


मंगळवार, २७ मार्च

बिस्डोर्फ बसथांब्यापर्यंत आला नाही. दारातच म्हणाला, "मी इकडून जातो," आणि खरोखर लिम्पर्ट्सबेर्गच्या बाजूला गेला.

लिहून टाकते, म्हणजे एकदाचं बाहेर पडेल. मला हा माणूस हवा आहे. माझ्या टेबलाशी बसून मीठ कमी आहे म्हणणारा हवा आहे. मी काही बोलले की "समजा" म्हणून सुरू होणारा. रेमाँच्या जागी नाही. रेमाँची जागा रेमाँची आहे. पण घरात दुसरी खुर्चीही आहे, आणि ती मी रोज पुसते आणि तिच्यावर कुणी बसत नाही. संध्याकाळी नदीवरून बोट जाते तेव्हा तिचा आवाज मी एकटीनं ऐकते. दोघांनी ऐकला तर तो आवाज वेगळा असतो, हे मला माहीत आहे, चाळीस वर्षं ऐकलाय.

आणि तो चालला ऑस्टेंडला, बहिणीबरोबर मासे खायला.

त्याला जाऊन सांगावं का? काय सांगणार? त्यानं यंदा ब्रेत्झेल दिलं नाही, म्हणजे उत्तर दिलंच की. मुदत म्हणजे मुदत.


सोमवार, ९ एप्रिल

ईस्टरचा सोमवार. मी किती मूर्ख आहे याची आज ग्वाही मिळाली.

मासळी बाजाराच्या चौकात, आमच्या परिषदेच्या खिडक्यांखालीच, मातीच्या पक्ष्यांची जत्रा भरते. शेपटीतून फुंकायचं, पक्षी कुकू करतो. सगळा चौक कुकू कुकू करत होता. गर्दीत बिस्डोर्फ दिसला. हातात पक्षी, गळ्यात तोच नवा टाय.

"बहिणीसाठी," तो पक्षी दाखवत म्हणाला. "ठरलं. ब्लांशनं खोली रंगवून घेतलीय. पंचवीसला सकाळच्या गाडीनं जातो."

"वाढदिवसालाच?"

"चोवीसपर्यंत काम आहे. नंतर इथं थांबायला निमित्त काय?"

मी म्हणाले, "समुद्राची हवा चांगली असते." सांगा, कुठल्या गाढवानं असं बोलावं! तो म्हणाला, "असं म्हणतात," आणि पक्ष्याच्या शेपटीत एकदा हलकेच फुंकून, टोपीला हात लावून गेला.

मी तिथंच, पक्ष्यांच्या दुकानापुढे. दुकानदार नवरा-बायको, माझ्याच वयाचे, एकमेकांचे कान उपटत होते.

"लीप वर्ष म्हणजे आमची चंगळ," नवरा गिऱ्हाइकाला सांगत होता. "ब्रेत्झेल आयतं हातात. पण हिनं काल त्या बदल्यात अंडं वसूल केलं, ते बघा, एवढं!"

"मग? यंदा ब्रेत्झेल बाईनं द्यायचं, अंडं बाप्यानं. चार वर्षांतून एकदा तरी हात घाला की खिशात."

कुकू कुकू चाललेलं, आणि मला एकदम काही ऐकू येईना.

लीप वर्षात रीत उलटी होते. पाळी बदलते. लीप वर्ष आहे, विसरू नका. टोपी हातात घेऊन उभा होता तो, त्या थंडीत. आणि मी त्याला म्हटलं, मोजीन दिवस!

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं आणि गेलं. लग्नानंतरच्या पहिल्या लीप वर्षी मी रेमाँसाठी ब्रेत्झेल आणलं, तर हा आधीच घेऊन आलेला. म्हणाला, "वेलींना लीप वर्ष कळत नाही, मला कशाला कळवतेस?" त्यानंतर माझ्यावर पाळी आलीच नाही. त्यानं येऊच दिली नाही. इतकं लाडावून ठेवून माणूस निघून जातो, आणि मग बाई असली चूक करते.

बिस्डोर्फला शोधत चौकभर फिरले. नव्हता. फोन करावा म्हटलं, पण फोनवर काय देणार?


रविवार, २२ एप्रिल

केटीपुढे सगळं ओकून टाकलं. तिनं कपाळावर हात मारला. "अगं बये! मी बांधून देऊ का म्हणून विचारलं ते काय माझ्या हौसेनं? मला वाटलं, त्या स्वल्पविरामवाल्यासाठी घेशील."

"तुला कसं कळलं त्याचं?"

"चार वर्षं रोज रात्री त्याच्यावर चिडतेस. रेमाँवर इतकी चिडली नाहीस कधी."

ब्रेत्झेल मात्र करून द्यायला तयार होईना. रविवार उलटल्यावर ती ते पीठ मळत नाही. सासऱ्याच्या वेळेपासून नियम आहे. "भट्टी गरम आहे. तूच मळ, तूच भाज. देणार कोण आहे, तू का मी?"

पहिलं ब्रेत्झेल रेमाँच्या जुन्या बुटासारखं झालं. दुसऱ्याचा वेढाच सुटला. तिसरं एका बाजूनं करपलं, पण ब्रेत्झेल आहे हे ओळखू येतं. वरून पाक ओतला, बदाम चिकटवले, करपलेल्या बाजूला जरा जास्तच.


मंगळवार, २४ एप्रिल

जाहीर बैठक. दारं उघडी ठेवतात, पण येत कुणी नाही. आज एक आजोबा आले होते, ते बहुधा बसायला. अध्यक्षांनी विधेयकांची नावं एकेक करून वाचली. हरवलेल्या वस्तूंचं शेवटी आलं. सभागृहानं सगळं सुधारून मंजूर केलं होतं, बिस्डोर्फच्या कलमासकट. सूट द्यावी असं कुणाला वाटतं? पहिला हात बिस्डोर्फचा. पंधरा वर्षांत त्याचा हात पहिला वर गेलेला कुणी पाहिला नव्हता. अध्यक्षांनी वाचलं, दुसऱ्या मतदानाची गरज नाही, आणि झालं.

मग त्याच्या निरोपाची वाइन. मी त्याला खिडकीशी गाठलं आणि डबा हातात दिला. त्यानं झाकण उघडलं.

"हे काय आहे?"

"बघून कळत नसेल तर माझं नशीब."

"वाम्पाखबाई, रविवार अठरा मार्चला होता."

"माहीत आहे."

"म्हणजे मुदत उलटली."

"उलटली." माझा आवाज कापत होता, आरोपींचा कापायचा तसा. "पण एक कलम आहे. फार त्रासदायक कलम, एका हट्टी माणसानं घालायला लावलेलं. चूक प्रामाणिक होती. मी लीप वर्ष मोजत बसले, समजून घेतलं नाही. तेव्हा मला एवढंच विचारायचंय, की वस्तू अजून ज्याला सापडली त्याच्याकडेच आहे का? जशीच्या तशी?"

त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. काही बोलणार, तेवढ्यात अध्यक्ष ग्लास वाजवत आले, मंडळी आली, भाषणं झाली, माजेरुसनं कुणीतरी लिहून दिलेली कविता वाचली. मग बिस्डोर्फला घरी सोडायला मोटारीत घातलं. डबा काखेत घट्ट धरलेला दिसला. उत्तर मिळालं नाही.

गाडी उद्या सकाळची.


बुधवार, २५ एप्रिल

सकाळी स्टेशनवर जाणार होते, गेले नाही. मागायचं ते मागून झालं; आता हातपाय आपटायचे नाहीत. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा मी बटाटे सोलत होते. एका माणसाला लागतात त्याच्या तिप्पट सोलले.

दुपारी केटी डोकावली. माझं तोंड बघून पाव ठेवून गेली, एक शब्द न बोलता. केटी! म्हणजे किती वाईट दिसत असेन.

मग अंगणातून बॅगेच्या चाकांचा आवाज आला.

बिस्डोर्फ दारात. टाय वाकडा, धाप लागलेली, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा खोका.

"गाडी चुकली," म्हणाला.

"कशी?"

"ईस्टर उलटल्यावर रंगीत अंडं कुठंही मिळत नाही. सगळं शहर पालथं घातलं. चॉकलेटचंही नाही, साखरेचंही नाही. दुकानवाल्या माझ्याकडे बघतात, म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून."

"मग हे?"

"कोंबडीची."

खोका उघडला. आत सहा अंडी, एकाला बारीकसं पीस चिकटलेलं.

"एक पुरे होतं," मी म्हणाले.

"सुटं देत नाहीत. आणि तसंही," तो श्वास घ्यायला थांबला, "तीन वर्षं तुम्ही सहा जणांना सहा अंडी दिलीत. समानतेनं. माझं इतर पाचांसारखंच. आज ही सहाच्या सहा एकाच व्यक्तीसाठी आहेत. यात समानतेचा भंग होतो, याची मला कल्पना आहे."

मी त्या अंड्यावरचं पीस काढलं.

"आणि ब्लांश?"

"ब्लांशला फोन केला. ती म्हणाली, खोलीला नुसता रंग लावलाय, काही लग्न लावलेलं नाही. दोघं या उन्हाळ्यात, मासे खायला." मग जमिनीकडे बघत, अगदी समितीतल्या आवाजात, "अर्थात, तुम्हाला विचार करायला वेळ हवा असेल तर घ्या. तीन महिन्यांची पद्धत आहेच. घाई कसलीच नाही."

हात कोरडे होते, तरी मी ते एप्रनला पुसले. आणि म्हटलं, "दुसऱ्या मतदानाची गरज नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. उंबऱ्यातच उभा.

"असा काय उभा राहतोस," मी म्हटलं. "अंडी आत ठेव. बटाटे लागतील."

तो आता दुसऱ्या खुर्चीत झोपलाय, तोंड उघडं टाकून. मीठ कमी होतं म्हणाला. आत्ता हे लिहिताना ध्यानात आलं, की मी "राहतोस" म्हटलं आणि "ठेव" म्हटलं, चार वर्षांचं अहो-जाहो उंबऱ्याबाहेरच राहिलं. त्यानं हरकत घेतली नाही.